मुलाचे आणि नवऱ्याचे कपडे घरी शिवावेत का? माझं म्हणणं हो, तुमचं काय?

धावदोरा:
बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकते. शिवणारी कुठलीही बाई बघा, स्वतःसाठी शिवते, मुलीसाठी फ्रॉक शिवते, अभ्रे पडदे पिशव्या सगळं शिवते, आणि घरात मुलगा असला की म्हणते मुलांचं काय शिवायचं, दोन टीशर्ट दोन पँटी विकत आणल्या की झालं. नवऱ्याचं तर नावच काढत नाही कोणी. मला हे अजिबात पटत नाही. मला तर वाटतं घरच्या शिवणाची खरी गरज मुलग्यांना आणि पुरुषांनाच आहे, कारण तयार कपड्यात त्यांच्याच वाट्याला सगळ्यात कमी निवड येते.

माझा मुलगा ७ वर्षांचा, उंच आणि काडीसारखा. वयाच्या आकड्यावर पँट घेतली तर लांबीला बरोबर पण कमरेतून घसरते, कमरेला बसणारी घेतली तर घोट्याच्या वर. मी शिवते तेव्हा कंबर त्याची लांबी त्याची, आणि खाली ६ सेंटिमीटर कापड आत दुमडून ठेवते. या वयात मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतात, ती सगळी वाढ काही पायात जात नाही, त्यामुळे तेवढी दुमड वर्षभराच्या वर सहज पुरते. तयार पँट खालून उसवून बघा, हाताला काहीच लागत नाही. आणि गुडघे! मुलग्यांच्या पँटी गुडघ्यावरच फाटतात हे सगळ्यांना माहीत आहे तरी तिथे जाड कापड कोणी देत नाही. मी पँटचा पाय सपाट असतानाच, बाजूची शिवण मारायच्या आधी, गुडघ्याला आतून दुसरा थर टाकते. पँट शिवून झाल्यावर त्या बारक्या नळीत मशीनचा पाय शिरत नाही, त्यामुळे हे आधी करायचं काम आहे.

नवऱ्याचं म्हणाल तर खांदे रुंद, हात लांब, कंबर बारीक. खांद्यात बसणारा शर्ट पोटाशी फुगतो आणि हात वर केला की पँटमधून सगळा बाहेर. तयार शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोल खाच, खोल ठेवलेला असतो म्हणजे तो जास्त लोकांना चालतो, पण मुंढा खोल असला की हाताबरोबर अख्खा शर्ट वर खेचला जातो. मी मुंढा २ सेंटिमीटर वर घेतला तर त्याने पहिल्यांदा घातल्यावर आधी हात वर करून बघितला आणि म्हणाला हे असं असू शकतं हे मला माहीतच नव्हतं. आता सांगा, का नाही शिवायचं?

काजबटण:
मी ११ वर्षं शिवतेय आणि माझं मत बरोब्बर उलटं झालंय, तेही अनुभवाने. पुरुषाच्या शर्टाचे तुकडे मोजलेत का कधी? पुढचे २, मागचा १, योकचे म्हणजे खांद्यावरच्या तुकड्याचे २, बाह्या २, कॉलरचे २, कॉलरखालच्या उभ्या पट्टीचे २, कफचे ४, बाहीच्या चिरेच्या पट्ट्या ४ आणि खिसा, झाले २०. त्याला कॉलर कडक करणारं फ्यूजिंग वेगळं, काजं वेगळी. आणि एवढं करून कॉलरची दोन टोकं एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी ते समोरच्याच्या नजरेत पहिलं भरतं, कारण ते तोंडाच्या खालीच असतं ना. फ्रॉकच्या चुण्यांमध्ये चूक लपते, शर्टात लपायला जागाच नाही. मी नवऱ्याला शिवलेल्या पहिल्या शर्टाला ४ संध्याकाळी लागल्या, त्याने तो दोनदा घातला, दोन्ही वेळा घरात. तो काही बोलला नाही पण मला कळलं.

आणि मुलगे दिवसभर घालतात काय तर टीशर्ट. होजिअरी म्हणजे टीशर्टचं ताणलं जाणारं कापड साध्या मशीनवर शिवायचं म्हणजे गोल टोकाची सुई हवी, टीप ताणली जाईल अशी बारीक झिगझॅग हवी, नाहीतर डोकं घालताना गळ्याचा दोरा तटकन तुटतो. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा साधारण १५-२० टक्के आखूड कापून ताणत लावायची, ती जरा कमी ताणली की गळा लोंबला. ओव्हरलॉक, म्हणजे कडा कापून गुंफणारं मशीन, नसेल तर हा सगळा खटाटोप करून हातात येतं ते तयार टीशर्टपेक्षा कमीच. म्हणजे जे कपडे ते सगळ्यात जास्त वापरतात तेच घरी नीट होत नाहीत, मग कशाला आग्रह?

दुसरीबाजू:
मला शिवण येत नाही तरी लिहिते कारण प्रश्न फक्त शिवणाचा नाहीये. मूळ पोस्टमध्ये मुलगा आहे, नवरा आहे, त्यांच्या कमरा खांदे गुडघे सगळं आहे. शिवणारीला किती तास लागले ते कुठे आहे? काजबटण यांनी निदान ४ संध्याकाळी म्हणून सांगितलं. चार संध्याकाळी म्हणजे ऑफिसमधून येऊन, स्वयंपाक उरकून, मुलाचा अभ्यास घेऊन जो वेळ बाईला स्वतःचा म्हणून उरतो तो ना? तो नवऱ्याच्या मुंढ्यावर घालवायचा आणि वर त्याला प्रेम म्हणायचं हे मला जड जातं. माझ्या आईने वडिलांचे शर्ट वर्षानुवर्षं शिवले, तिला ते आवडतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मशीन विकायला काढलं तेव्हा ती म्हणाली सुटले एकदाची. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यामुळे धावदोरा, तुम्हाला आवडत असेल तर शिवाच, पण "गरज आहे" "का नाही शिवायचं" असं सगळ्या बायकांना विचारू नका. दोन धडधाकट माणसांच्या घरात एकाच्या अंगाला शर्ट बसत नसेल तर मशीनवर त्यानेही बसावं की.

धावदोरा:
@दुसरीबाजू तुमच्या आईचं वाचून गलबलून आलं, खरंच. "गरज" हा शब्द मी कपड्यांसाठी वापरला होता, बायकांनी ती भागवलीच पाहिजे असं म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसं वाटू शकतं हे कबूल. माझ्यापुरतं सांगते, मशीनवरचे ते दोन तास मला कोणी हाक मारत नाही, ते माझे असतात. पण तेच दुसऱ्या कोणावर ओझं असू शकतं.

@काजबटण तुझं एक पटलं नाही गं. दोनदाच घातला म्हणून शर्ट वाया गेला असं तू धरून बसलीस, त्याला विचारलंस का काय टोचत होतं? माझा पहिला शर्टही कपाटात पडून होता. विचारल्यावर कळलं कॉलरची पट्टी मागे उंच झाली होती, मानेला लागत होती, बाकी शर्ट त्याला आवडला होता. पट्टी ४ सेंटिमीटरची ३ केली आणि पुढचा शर्ट तो धुवून धुवून घालतो.

मापटेप:
मी कटिंग शिकवते, दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे पण "मुलांचं काय शिवायचं" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. घरी शिवायला वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी नमुने ज्याने विकायला काढले तो एबेनेझर बटरिक हा अमेरिकन शिंपी. १८६३ साली त्याने सुरुवात केली ती पुरुषांच्या शर्टांपासून आणि मुलग्यांच्या कपड्यांपासून, बायकांच्या कपड्यांचे नमुने त्याने आणले १८६६ मध्ये. म्हणजे पहिली ३ वर्षं घरच्या शिवणासाठी विकले गेलेले ते नमुने बाप-लेकांचेच होते. तेव्हाच्या आयांना हेच हवं होतं, कारण मुलगे वाढतात आणि फाडतात. दुसऱ्या महायुद्धातही तेच, ब्रिटनमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होतं तेव्हा बापाच्या जुन्या पँटीतून मुलाची अर्धी पँट काढणं हे घरोघरचं काम होतं. त्यामुळे हा काही नवा हट्ट नाहीये.

पण सुरुवात शर्टाने करू नका, इथे काजबटण १०० टक्के बरोबर. सुरुवात पायजम्याने करा. चार तुकडे, नेफा, इलॅस्टिक. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा, मागचा भाग आणि पुढचा भाग सारखा कापायचा नाही. मागच्या बैठकीचा गोलवा, म्हणजे दोन पायांमधलं वळण, जास्त खोल आणि जास्त लांब लागतो कारण खाली बसलं की मागे कापड जास्त लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचजणी दोन्ही एकसारखे कापतात आणि मग मूल वाकलं की पायजमा मागून खाली सरकतो, ते बिचारं दिवसभर वर ओढत बसतं. मागचा भाग कमरेपाशी ३-४ सेंटिमीटर वर चढवून कापा, फरक लगेच कळतो.

आणि कापड आधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं, मीटरभर लांबीच्या पँटला ते ३ ते ५ सेंटिमीटर झालं, म्हणजे धावदोरा यांच्या दुमडीतला बराचसा भाग तिथेच गेला.

खिसेवाला:
पुरुष आहे, इथे बहुतेक एकटाच. मी लहानपणी घरचे कपडे घालून वाढलेला मुलगा आहे म्हणून लिहितोय, कारण आतापर्यंत घालणाऱ्याला कोणी विचारलेलंच नाहीये.

आई चांगलं शिवायची. टीप सरळ, काजं हाताने केलेली, कधी काही उसवलं नाही. तरी मला ते कपडे नको व्हायचे, आणि कारण असं होतं की मी आणि माझा भाऊ एकाच ताग्यातले. उरलेलं कापड वाया जाऊ नये म्हणून ती दोघांना एकसारखं शिवायची, कधी पडद्यातलं उरलेलंही. वर्गात एका मुलाने विचारलं तुमच्या घरचे पडदे पण असेच आहेत का, आणि ते होते. मी १० वर्षांचा होतो, अजून आठवतंय मी त्या दिवशी दप्तर छातीशी धरून बसलो होतो. दुसरं म्हणजे खिसे. तिला खिसे म्हणजे वेळखाऊ वाटायचे म्हणून एकच असायचा, वर छातीवर, ज्यात काहीच राहत नाही. मुलाला खिसा लागतो हो, खोल, बाजूला, हात घालता येईल असा, गोट्या दगड बिल्ला जे काय असेल ते ठेवायला.

तर माझा विरोध घरच्या शिवणाला नाही, न विचारता शिवण्याला आहे. कापड मुलाला निवडू द्या, खिसे किती आणि कुठे ते त्याला विचारा. मी ३४ व्या वर्षी शिवायला शिकलो, दुसरीबाजू म्हणतात तसं स्वतः मशीनवर बसलो, आता माझ्या पँटी मीच शिवतो आणि मुलाच्याही. पहिल्या पँटची चेन बसवताना तीनदा उसवली, पण जमलं.

गुंडाळी:
माझा मुलगा ११ चा झाला आणि एका दिवसात बंद केलं त्याने. आई हे नको, मित्रांसारखं हवं. त्याच्यासाठी जीन्सचं कापड आणून ठेवलं होतं, जाड कापडाच्या १६ नंबरच्या सुया पण आणल्या होत्या. खूप लागलं मनाला. खिसेवाला यांचं वाचून मात्र वाटलं की मी पण त्याला कधी काही विचारलं नव्हतं, मला आवडलेलं कापड आणायचे आणि शिवायचे. तरी एक सांगते, ११-१२ च्या वयात मुलगा नको म्हणाला तर ओढू नका. त्याला चारचौघांत वेगळं दिसायचं नसतं, त्यात तुमच्या शिवणाचा दोष नसतो.

उभाआडवा:
तयार कपडा स्वस्त का पडतो यावर कोणीच बोललं नाही. काजबटण यांचे ते २० तुकडे कुठल्याही तयार शर्टात असतातच, ते कोणीतरी माणूसच जोडतो, अख्खा शर्ट आपोआप शिवणारं मशीन कारखान्यांत सर्रास पोचलेलं नाही. आपल्याला चार संध्याकाळी लागतात तिथे तो कामगार दिवसभर एकच कफ किंवा एकच कॉलर शिवत बसलेला असतो. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. मी तेव्हापासून शिवायला लागले. मुलाला एक शर्ट शिवायला मला किती वेळ लागतो हे कळल्यावर दहा शर्ट घ्यायची इच्छाच राहिली नाही.

काजबटण:
@उभाआडवा दुर्घटनेबद्दल दुमत नाही, पण कापड विणणारा रंगवणारा कामगार कुठे जातो मग? आपण आणतो तो तागा पण कारखान्यातूनच येतो. घरी शिवलं म्हणजे आपले हात स्वच्छ झाले असं मला नाही वाटत. आणि हौसेने घेतलेलं कापड कपाटात किती पडून असतं ते प्रत्येकीने स्वतःचं उघडून बघावं. कमी कपडे घेणं आणि आहेत ते दुरुस्त करणं, माझ्या मते शर्ट शिवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी, आणि दुरुस्ती कुणालाही अर्ध्या तासात शिकता येते, नवऱ्याला पण.

चिमटा:
वाद चालू द्या, पण लहान मुलग्यांचं शिवणार असाल तर दोन गोष्टी कृपा करून वाचा. ५-६ वर्षांपर्यंत चेन लावू नका, इलॅस्टिकच ठेवा. घाईत चेन ओढताना नाजूक जागची कातडी अडकते, आमच्या ओळखीत झालंय, मूल रात्रभर रडत होतं. मोठ्याला चेन लावाल तेव्हा तिच्यामागे कापडाची आडपट्टी लावाच, कितीतरी नमुन्यांत ती वगळलेली असते.

दुसरं, टोपीच्या किंवा गळ्याच्या नेफ्यात दोरी ओवू नका. घसरगुंडीच्या फटीत, बसच्या दारात दोरीचं टोक अडकून मुलं दगावली आहेत, अमेरिकेत यावर १९९६ मध्येच सरकारी सूचना निघाल्या. घरी शिवणारीला ते कोणी तपासून देत नाही, आपणच लक्ष ठेवायचं. तिथे बटण लावा नाहीतर इलॅस्टिक.

धावदोरा:
चिमटा, धन्यवाद, माझ्या मुलाच्या जॅकेटच्या टोपीत दोरी आहे, आजच काढते.

सगळं वाचून दोन दिवस विचार करत होते. खिसेवाला यांचं सगळ्यात जास्त लागलं. मी मुलाला विचारलं, तुला पँटला काय हवं? मला वाटलं चित्रं वगैरे म्हणेल. तो म्हणाला मागे खिसे नकोत, बसल्यावर टोचतात, पुढे दोन मोठे हवेत आणि एकाला झाकण हवं. मी दर वेळी मागचे दोन खिसे अगदी नीट मोजूनमापून लावत होते, तीन वर्षं!

काजबटणचं दुरुस्तीचं म्हणणं पण मानते, आणि त्यात एक भर घालते. नवऱ्याचे शर्ट आधी कॉलरवर विरतात, दाढीचे खुंट घासून दुमडीवर कापड फाटतं, बाकी शर्ट धडधाकट असतो. कॉलर पट्टीपासून उसवायची, उलटी करून खालची बाजू वर आणायची आणि परत त्याच पट्टीत बसवायची. आधी शर्ट फेकूनच देत होते मी, आता असे ३ झालेत. जे शर्ट त्यापलीकडे गेलेत त्यांच्या पाठीतून मुलाचा शर्ट निघतो, पुढची बटणपट्टी काजांसकट तशीच वापरायची म्हणजे नवीन काजं करायला नकोत.

पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाहीये. मापात बसलेला कपडा मुलग्याला आणि पुरुषालाही मिळायला हवा. तो कोणी शिवायचा यावर मात्र दुसरीबाजू यांनी मला विचार करायला लावलं.

दुसरीबाजू:
विचार करताय तर एक विचारते, त्या ३ कॉलरी कोणी उसवल्या?

धावदोरा:
पहिल्या दोन मी. तिसरी त्याने, काल रात्री, उसवणीच्या काट्याने, चष्मा लावून. एका जागी कापड थोडं कापलं गेलं पण शिवणीच्या मायेत, म्हणजे आत सोडलेल्या जादा कापडात, लपेल एवढंच आहे.

काजबटण:
उलटी करायच्या आधी कॉलरचा आणि पट्टीचा मध्य दोन्हीकडे खडूने खूण करायला सांग त्याला, नाहीतर टोकं मागेपुढे होतील. आणि टोकांना बटणं लागणारी कॉलर असेल तर उलटवू नका, काजं भलतीकडेच दिसतात. मी पण एक काढलाय, आमच्याकडचा निळा, तो दोनदा घातलेला. कॉलरच्या पट्टीची मागची उंची मोजली आत्ता. साडेचार सेंटिमीटर आहे.